आधी रस्त्यातले वाईट पन्नास फूट मोजा, मग शोरूम

वाचकाचं पत्र:

"यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी आहे. मळा गावापासून चार किलोमीटर. शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा शेतरस्ता, त्यात एक नाला आणि एक पाटचारी आडवी येते. दुसरं शेत तापीकाठी. तिथल्या पंपापर्यंत उन्हाळ्यात वाळूतून जावं लागतं. वर्षातून दोन-तीनदा घरच्यांना घेऊन तोरणमाळ. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. दीड कोटीपर्यंत तयारी आहे. गाडी खरंच तशी असेल तर ओढूनताणून वर जाऊ. मी लँड रोव्हरची डिफेंडर ११०, मर्सिडीजची जी-क्लास आणि टोयोटाची लँड क्रूझर ३०० बघतोय. मुलगा म्हणतो, बीएमडब्ल्यूची एक्स५ नाहीतर ऑडीची क्यू७ घ्या, त्यांनाही चारही चाकांना पॉवर आहे. मेहुण्यांचं म्हणणं, मातीत जायचं तर जीपची रँग्लर रुबिकॉनच. जो तो आपल्या गाडीचे व्हिडिओ दाखवतो. ऑफरोडला यातली खरी गाडी कोणती?"

नमस्कार भाऊ,

एका ओळीत सांगायचं तर डिफेंडर ११०, डिझेल, एअर सस्पेन्शनवाली (हवेच्या स्प्रिंगवर उंची कमी-जास्त करता येणारी), आणि शोरूममध्ये उभ्या असलेल्या देखण्या २२ इंची चाकांऐवजी मिळेल तेवढ्या लहान रिमवर. हे उत्तर तुमच्या रस्त्यापुरतं आहे. रस्ता वेगळा असता तर गाडीही वेगळी सांगितली असती. आणि मृगबागेच्या, म्हणजे जून-जुलैतल्या केळीच्या, लागवडीच्या दिवसांत, चांगला पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी, या सहांपैकी एकही गाडी त्या दीड किलोमीटरवर घालू नका. ते का, हे पुढे येईलच.

आधी मुलाचं म्हणणं निकाली काढू. चारही चाकांना पॉवर आणि ऑफरोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स५ आणि क्यू७ उत्तम गाड्या आहेत. धुळे-सुरत हायवेवर भर पावसात त्या डिफेंडरपेक्षा निवांत चालतील. पण त्यांच्यात लो रेंज नाही. लो रेंज म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढे बसवलेली आणखी एक गिअरची जोडी, चाकाची गती कमी करून जोर वाढवणारी. जी-क्लासमध्ये तिचं गुणोत्तर २.९३ आहे, रुबिकॉनमध्ये ४. म्हणजे इंजिन तेवढंच फिरत असताना जी-क्लासचं चाक जवळपास तिपटीनं हळू आणि तिप्पट जोरानं फिरतं, रुबिकॉनचं चौपट. नाल्यात उतरताना मग गाडी इंजिनावर धरली जाते, ब्रेकवर नाही. वर चढताना झेप घ्यावी लागत नाही, गाडी मुंगीसारखी चढते. लो रेंज नसलेल्या गाडीला तोच चढ वेगानं मारावा लागतो, आणि वेगात लागलेला दगड बंपर फोडतो, नाहीतर ऑइल पॅन. दोन-चारदा जोर लावून चढ हुकला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल तापतं आणि गिअरबॉक्स गरम झाल्याचा दिवा लागतो. शेतावर जायचंच असेल तर या दोन्ही गाड्या पक्क्या रस्त्याच्या टोकाला उभ्या करा आणि पुढे मोटरसायकल घ्या.

आता मोजमाप. ब्रोशरमधले अंश वाचून काही कळत नाही, कारण आपला नाला किती अंशांचा हे कुणालाच माहीत नसतं. एक मीटर लांबीची सरळ फळी, गवंड्याकडची लेव्हल आणि मोजपट्टी घेऊन नाल्यावर जा. फळीचं एक टोक उतारावर टेकवा, लेव्हल लावून फळी आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत मोजा. ५८ सेंटीमीटर भरले तर उतार ३० अंशांचा, ७८ भरले तर ३८, ९७ भरले तर ४४. सपाटीवरून चढाला भिडताना गाडीचा पुढचा बंपर न टेकता किती चढ झेपतो, ते असं: रुबिकॉनला सुमारे ४४ अंश, डिफेंडर ११० ला ३८, लँड क्रूझरला ३२, जी-क्लासला ३१, आणि एक्स५-क्यू७ या वर्गाला २५ च्या आसपास. डिफेंडरचा आकडा एअर सस्पेन्शन ऑफरोड उंचीवर असतानाचा आहे हे ध्यानात ठेवा. नेहमीच्या उंचीवर तिचा ग्राउंड क्लिअरन्स २१८ मिलिमीटरच्या आसपास असतो, उचलल्यावर २९१ होतो. बटण दाबायचं विसरलात तर तुम्ही वेगळ्याच गाडीत बसलेले असता.

ही मोजणी नाल्याचा तळ रुंद असेल तरच पुरते. तळ गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा, म्हणजे साधारण तीन मीटरपेक्षा, अरुंद असेल तर दोन्ही काठांच्या उतारांची बेरीज धरावी लागते. अलीकडचा काठ २५ अंशांनी उतरतो आणि पलीकडचा लगेच २५ अंशांनी चढतो, तर गाडी नाक खाली करून उभी असताना समोर ५० अंशांची भिंत येते. तिथं रुबिकॉनचाही बंपर टेकणार. सातपुड्यातून उतरणारे पुष्कळ नाले दर पावसाळ्यात असेच इंग्रजी व्हीसारखे कापले जातात. त्यामुळे मागच्या वर्षी सहज गेलेली गाडी यंदा का अडकली, याचं उत्तर गाडीत नसतं, नाल्यात असतं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजा.

पाटचारीच्या बांधाचं गणित उलटं. तिथं बंपर नाही, पोट टेकतं. डिफेंडर ११० चा पोटाखालचा कोन २८ अंश, जी-क्लासचा २६, चार दारांच्या रुबिकॉनचा २२.६. बांधाचा माथा अरुंद असेल तर इथंही दोन्ही बाजूंची बेरीज करायची. डिफेंडरच्या २८ अंशांसाठी दोन्हीकडे मीटरला २५ सेंटीमीटरपर्यंतचा उतार चालतो. मेहुण्यांना हा आकडा जरूर दाखवा. रुबिकॉन दगडात राजा आहे, पण चाकांतर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जवळपास सारखं असूनही बांधावर तिचं पोट उचललेल्या डिफेंडरच्या आधी टेकतं. टेकल्यावर खालच्या जाड पत्र्यांवरून ती घसरून पुढे जाईल ही गोष्ट वेगळी. आणि डीलर "त्याच पैशांत थोडी मोठी" म्हणून डिफेंडर १३० दाखवेल. ती घेऊ नका. चाकांतर तेच असलं तरी मागची शेपूट लांब आहे. मागचा कोन ४० वरून २८.५ वर येतो, आणि नाल्यातून वर निघताना हमखास मागचा बंपर घासतो.

तिसरं मोजायचं ते चाकोऱ्यांमधला वरंबा. ट्रॅक्टर-ट्रॉलीनं पाडलेल्या चाकोऱ्या खोल असतात आणि ट्रॅक्टर पोटाखाली उंच असतो, त्यामुळे त्याला मधल्या वरंब्याचं काही वाटत नाही. तुमच्या गाडीला वाटतं. फळी दोन चाकोऱ्यांवर आडवी टाकता येत नसेल तर दोरी ताणा आणि वरंब्याचा माथा चाकाच्या तळापेक्षा किती वर आहे ते बघा. २० सेंटीमीटरच्या वर गेला आणि त्यात दगड असेल तर नेहमीच्या उंचीवर कोणतीच गाडी नको. शिवाय ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधलं अंतर आणि या गाड्यांचं अंतर जुळत नाही. एक चाक चाकोरीत, दुसरं वरंब्यावर, आणि गाडी तिरपी होऊन दार केळीच्या खांबांकडे झुकते. रुंदीही बघा: डिफेंडर आरसे मिटून २००८ मिलिमीटर, लँड क्रूझर १९८०, जी-क्लास १९३१. दोन ओळींमधून ट्रॉली जेमतेम निघत असेल तिथं डिफेंडर पानं फाडत आणि रंग खरवडत जाईल.

वरंब्यावर जी-क्लास आणि रुबिकॉनचा एक फायदा कागदावर दिसत नाही. रुबिकॉनचे दोन्ही आणि जी-क्लासचा मागचा एक्सल अखंड दांड्याचा आहे. एक चाक दगडावर चढलं की एक्सलचा गोळा चाकाबरोबर थोडा वर उचलला जातो. डिफेंडरची चारही चाकं स्वतंत्र आहेत. चाक दगडावर चढून वर दबलं की पोट तेवढं जमिनीकडे येतं. एअर सस्पेन्शन पूर्ण उंचीवर असताना आणखी एक अडचण असते. चाक आधीच खाली ताणलेलं असतं, त्यामुळे खड्ड्यात आणखी खाली जायला त्याला जागा उरत नाही आणि ते लवकर हवेत लटकतं.

चाक हवेत लटकलं की डिफ लॉकचा प्रश्न येतो, आणि व्हिडिओ बघून ठरवणारे इथंच फसतात. साध्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे दोन चाकांत जोर वाटून देणाऱ्या गिअरमध्ये, ज्या चाकाला पकड नाही तेच चाक फिरत राहतं. यावर दोन उपाय आहेत. एक, इलेक्ट्रॉनिक: फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे ढकलायचा. दुसरा, लॉक: दोन्ही चाकं जणू एकाच दांड्यावर जखडायची. दगडात आणि लटकलेल्या चाकाला पहिला उपाय छान चालतो. पण तो चालू व्हायला चाक आधी थोडं फिरावं लागतं, आणि ओल्या काळ्या मातीत तेवढ्यातच चाक वीतभर खाली जातं. लॉकला ती वाट बघावी लागत नाही. जी-क्लासला मधला, मागचा आणि पुढचा असे तिन्ही शंभर टक्के लॉक आहेत, बटणांवर १, २, ३ असे आकडे आहेत आणि लावायचे त्याच क्रमानं. तिसरा लावल्यावर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, म्हणून तो सरळ रेषेतच वापरायचा. रुबिकॉनला पुढचा-मागचा लॉक आहे, पण पुढचा फक्त लो रेंजमध्ये लागतो. लँड क्रूझरमध्ये पुढचा-मागचा लॉक जीआर-स्पोर्ट व्हेरियंटला मिळतो. दुसरं व्हेरियंट घेत असाल तर काय आहे आणि काय नाही ते लेखी घ्या. डिफेंडरला मधला आणि मागचा लॉक आहे, तो गाडी स्वतःच लावते-काढते. पुढच्या एक्सलला लॉक नाही, तिथं ब्रेकवालंच तंत्र. मागचा लॉक आपल्या व्हेरियंटमध्ये आहे ना, हे इथंही लेखीच. आणि कोणत्याही गाडीचा लॉक डांबरावर लावून वळण घेऊ नका, एक्सलवर ताण येऊन आतलं काहीतरी तुटतं.

आता तुमच्या काळ्या मातीकडे. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत भरते, आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो. टायरला माती चढली की दोन कोटींची गाडी आणि दोन लाखांची जुनी जीप सारखीच घसरते. इथं वजन उलट अंगावर येतं. डिफेंडर सव्वादोन टनांच्या वर, लँड क्रूझर आणि जी-क्लास अडीच टनांच्या आसपास. पेरणीला वापसा बघता तसा गाडीलाही बघा. रस्त्यावरची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटला तर जा. चपटा होऊन चिकटला तर थांबा. पावसानंतर कडक ऊन पडलं तरी दोन-तीन दिवस लागतात. ढगाळ असेल तर जास्त.

जावंच लागलं तर लो रेंज, दुसरा गिअर, गाडीत मड-रट्स असा मोड असेल तर तो, आणि एकसारखा हलका ॲक्सिलरेटर. गाडी मंदावली की लोक पाय दाबतात, तिथंच ती बसते. त्याऐवजी स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवत राहा. टायरच्या कडांना चाकोरीच्या भिंतीची ताजी माती लागते आणि थोडी पकड मिळते. चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर लगेच थांबा, आलेल्याच चाकोरीतून मागे या. परतल्यावर रिमच्या आतला चिखल पाण्यानं काढा. पुष्कळदा हायवेला ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, माणूस अलाइनमेंटला पैसे घालतो, आणि कारण असतं आतल्या बाजूला सुकलेला पावशेर चिखल. एअर सस्पेन्शनच्या गाडीत चाकाजवळ बोटाएवढी एक दांडी असते, उंची मोजणाऱ्या सेन्सरची. तिच्यावर माती सुकून बसली की गाडी एका अंगाला कलते. ती साध्या पाण्यानं धुवा, प्रेशरचा झोत थेट तिच्यावर मारू नका.

खरं तर गाडी निवडण्यापेक्षा टायर निवडायला जास्त वेळ द्या. डिफेंडरची चाकं चार मापांत मिळतात आणि बाहेरचा घेर जवळपास तोच राहतो. बदलते ती रबराच्या भिंतीची उंची. २५५/७० आर १८ ला ती १७८ मिलिमीटर भरते, २५५/६५ आर १९ ला १६६, २५५/६० आर २० ला १५३, आणि २७५/४५ आर २२ ला फक्त १२४. सातपुड्याचा काळा दगड फुटतो तो धारदार. पाच-साडेपाच इंचांहून कमी भिंत असलेल्या टायरला बाजूनं धार लागली की पंक्चर काढता येत नाही, टायर फेकावाच लागतो. १८ इंची रिम आपल्या इंजिनाच्या ब्रेकवर बसते का ते डीलरकडे विचारा. मोठ्या ब्रेकवर ती बसत नाही, मग १९ नाहीतर २० वर समाधान माना. ऑल-टेरेन, म्हणजे एटी टायर घ्या. मड टायर काळ्या मातीत त्याहून चांगले, पण वर्षातले दहा दिवस सोडले तर बाकीचे दिवस हायवेला गुणगुणत राहतात. स्टेपनी पूर्ण मापाची हवी. डिफेंडर, जी-क्लास आणि रुबिकॉनला ती मागच्या दारावर असते. बारीक स्टेपनी लावून नाल्यातून यायची कल्पना करून बघा.

तापीच्या वाळूत कोणतीही लो रेंजवाली गाडी जाईल, हवा कमी केली तर. दाराच्या पट्टीवर लिहिलेली हवा साधारण ३३ ते ४० पीएसआय असते. १८-१९ इंची रिमवर ती १८ पर्यंत उतरवा, २० इंचीवर २० च्या खाली जाऊ नका, आणि २२ इंचीवर २५ ला थांबा, नाहीतर टायर रिमवरून निघतो. हवा कमी झाली की टायरचा ठसा मुख्यतः लांबीला वाढतो आणि वजन पसरतं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. वाळूत ते मध्येच इंजिनाचा दम काढून घेतं. वळणं मोठी घ्या, ब्रेक न लावता पाय सोडून गाडी आपोआप थांबू द्या, आणि थांबायचंच असेल तर उतारावर तोंड करून. पहाटेची दमट वाळू घट्ट असते. दुपारची कोरडी वाळू तोच रस्ता दुप्पट अवघड करते. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय ३०-४० च्या वर पळवू नका. एक गोष्ट गाडीबाहेरची: तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडल्याची बातमी आली असेल तर खालच्या पात्रात गाडी नेऊ नका, उभीही करू नका.

नाल्यातल्या पाण्याचं सांगतो. एअर सस्पेन्शनची डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, रुबिकॉन ७६०, जी-क्लास आणि लँड क्रूझर ७००, एक्स५ ५००. हे आकडे उभ्या पाण्याचे आहेत. वाहत्या पाण्यात हिशेब पार बदलतो. गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ आठ चौरस मीटरच्या आसपास असतं. पाणी तळाला लागलं की त्यापुढच्या दर १० सेंटीमीटरला ८०० किलो वजन उचललं जातं. अडीच टनांची गाडी तळाच्या वर ३० सेंटीमीटर पाण्यात तरंगू लागते, आणि वाहून जायला तर त्याच्या आधीच सुरुवात होते. म्हणून वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नाही म्हणजे नाही, ब्रोशर काहीही म्हणो. वर सातपुड्यात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. गढूळपणा अचानक वाढला, काडीकचरा वाहत आला, की मागे फिरा.

उभं पाणी असेल तर आधी काठीनं तळ चाचपा. हायवेवरून तापून आलेली गाडी लगेच घालू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. एसी बंद करा, लो रेंज लावा, ताशी पाच-सहा किलोमीटरनं समोर लाट तयार होईल असं चाला आणि लाटेच्या मागेच राहा. मध्ये इंजिन बंद पडलं तर स्टार्टर अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं काम लाखांत जातं. साध्या विम्यात हे बहुतेक वेळा बसत नाही; इंजिन प्रोटेक्टचं कलम वेगळं घ्यावं लागतं, पॉलिसी करतानाच घ्या. पलीकडे निघाल्यावर ब्रेक हलके दाबत शंभर मीटर चाला म्हणजे सुकतील, आणि पाणी खोल होतं असं वाटलं तर एक्सलचं तेल तपासून घ्या. ताकासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

मग दोन कोटींच्या वरच्या गाड्यांचं काय? लँड क्रूझर ३०० सांगाड्यावर बांधलेली आहे, ३.३ लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल, ७०० न्यूटन-मीटरचा जोर. कंपनीचं काम सोपं आणि टिकाऊ. दहा-पंधरा वर्षं गाडी ठेवायची असेल, एअर सस्पेन्शनची कटकट नको असेल आणि पैशांचा प्रश्न नसेल तर ती घ्या. दगडाच्या लांब वाटांवर ती डिफेंडरपेक्षा कमी दमते. पण तुमच्या दीड किलोमीटरवर त्या जादा पैशांचा उपयोग दिसत नाही. जी-क्लासचे तीन लॉक हा या सगळ्यांतला सर्वांत प्रामाणिक ऑफरोड सरंजाम आहे. तरीही ती घेणाऱ्यांपैकी किती जण तिसरं बटण दाबतात, हा प्रश्न विचारावासा वाटतो. रुबिकॉन तुमच्या बजेटच्या निम्म्यात येते आणि दगडांत सर्वांच्या पुढे जाते, पण भारतात ती पेट्रोल आहे, हायवेला आवाज करते आणि आईंना त्रास होईल. घरात दुसरी गाडी असती आणि ही फक्त मळ्याची असती तर मेहुण्यांच्या बाजूनं मत पडलं असतं. तोरणमाळसाठी मात्र या कशाचीच गरज नाही. शहाद्याहून वर डांबरी घाट आहे, उतरताना खालचा गिअर धरला की झालं. यावल अभयारण्यातल्या आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालू नका, गाडी कितीही जमणारी असली तरी.

आईंसाठी डिफेंडरच्या एअर सस्पेन्शनचा खरा उपयोग उलट दिशेला आहे. उभी असताना ती ५० मिलिमीटर खाली बसते. पायरी हवीच असेल तर दार उघडल्यावर बाहेर येणारी घ्या. कायमची पायरी नाल्याच्या काठावर पहिल्यांदा घासते आणि मग दारच उघडू देत नाही.

उन्हाळ्याबद्दल थोडं. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि त्या उन्हात गाडी सारखी वरखाली केली तर एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर तापून स्वतःला बंद करतो. मळ्याच्या तोंडाशी एकदा उचला, बाहेर आल्यावर एकदा उतरवा. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यात बघून घ्या. डिझेल गाडी फक्त गाव-मळा अशी चालली तर धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ, चोंदते. आठवड्यातून एकदा तरी तिला हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगानं पळू द्या. सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते आधी विचारा. जळगावहून छत्रपती संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या पुढे, नाशिक अडीचशेच्या आसपास. गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडचं भाडं आणि दोन दिवस कुणाचे, हे विक्रीच्या कागदावर यायला हवं.

अडकलात तर तुमच्याकडे ट्रॅक्टर येणार, आणि ट्रॅक्टरबरोबर साखळी येणार. साखळी नको. ती ताणून तुटली की तोफेच्या गोळ्यासारखी येते. गाडीत ८ टनांच्या वर ताकदीचा पट्टा आणि दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या बोल्टच्या लोखंडी कड्या) ठेवा, पट्ट्याच्या मधोमध ओली गोणी टाका आणि माणसांना पट्ट्याच्या दुप्पट लांब उभं करा. बंपरमध्ये आटे फिरवून बसवायचा जो हुक गाडीबरोबर येतो तो रस्त्यावर हळू ओढण्यासाठी आहे. चिखलातून झटका देऊन ओढलं तर तो उपटून निघतो. डिफेंडर घेताना ओढण्यासाठी पक्के हुक कुठं आहेत ते डीलरकडून दाखवून घ्या. आधी चाकांसमोरची माती फावड्यानं काढा, मगच ओढा. निम्म्या वेळा मग ट्रॅक्टर लागतच नाही. बरोबर हवा मोजायचं घड्याळ आणि बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर. स्वस्तातला दुसऱ्या टायरला तापून बंद पडतो.

गाडीच्या कागदांवर सही करण्याआधी एक काम करा. नाल्याचे दोन्ही काठ जेसीबीनं मीटरला ३५-४० सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे २० अंशांवर आणायला आणि त्यावर मुरूम टाकून दाबायला किती खर्च येतो ते विचारा. नाला सरकारी असेल तर ग्रामपंचायतीत आधी बोला. तळ तीन मीटरपेक्षा रुंद करून घ्या. पाटचारीत पाइप टाकून वर मुरूम. हे झालं की तुमच्या रस्त्यावरचे वाईट पन्नास फूट संपतात, आणि डिफेंडरचं साधं, लहान चाकांचं व्हेरियंटही पुरतं. जे वाचतील ते केळीत घाला.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या चौकात घेऊ नका, गाडी मळ्यावर मागवा. पाच माणसं बसवून या, कारण स्प्रिंगवर असलेल्या गाडीचं मागचं अंग भरल्यावर दोन-चार सेंटीमीटर बसतं आणि सगळे कोन तेवढे कमी होतात. बांधावर माथ्याला थांबायला सांगा, एकानं खाली वाकून पोटाखाली हात घालून बघावं. आणि आईंना दोनदा चढ-उतार करायला लावा, एकदा पायरीनं, एकदा पायरीशिवाय.